फेकून दिलेला डोस

जुई खानझोडेचे बाबा नागपूरहून भोपाळच्या वीजयंत्रांच्या कारखान्यात आले, म्हणून ती तिथल्या आनंद नगरमध्ये वाढली. कर्करोगात आईच्या वेदना मॉर्फीनलाही दाद देईनात. शेजारच्या खाटेवरच्या बाईला मात्र तेवढ्याच मात्रेत झोप लागायची. असं का, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. रसायनशास्त्र शिकणाऱ्या जुईच्या डोक्यातून तो प्रश्न गेला नाही.

पुढे एका संशोधन संस्थेत तिने तेच काम घेतलं. मॉर्फीनसारखी औषधं मेंदूत ज्या जागी चिकटतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. तिथे जाऊन बसणारं किरणोत्सारी द्रव्य बनवायचं, म्हणजे स्कॅनमध्ये त्या जागा उजळून दिसतील. त्याचा किरणोत्सार दोन तासांच्या आत निम्मा होतो. सकाळी बनवायचं आणि लगेच टोचायचं. ते साधायला सहा वर्षं गेली.

पहिल्या चाचणीला भोपाळजवळच्या मंडीदीपचे निवृत्त फिटर शांताराम तयार झाले. बारा वर्षांची कंबरदुखी. त्या दिवशी ते उपाशीपोटी येऊन बसले होते आणि इकडे तपासणीत डोस नापास झाला. त्यात किरणोत्सारी नसलेलं मूळ औषध ठरल्यापेक्षा जास्त उतरलं होतं.

"किंचितच तर आहे," विभागप्रमुख परीक्षित सर म्हणाले. "चाचणी बघायला बाहेरचे पाहुणे आलेत, जुई."

"सर, हे मॉर्फीनपेक्षा कितीतरी जालीम आहे. त्यांचा श्वास मंदावला तर?"

तिने डोस शिशाच्या डब्यात बंद केला आणि स्वतः बाहेर येऊन सांगितलं, "काका, आज नाही होणार. माझ्याकडूनच चुकलं."

शांतारामांनी घरून आणलेला डबा उघडला. मग म्हणाले, "चुकलं ते टोचायच्या आधी कळलं ना? मग टेन्शन कशाला! पुढची तारीख सांगा."

परीक्षित सर आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. तिने एक गाळणी बदलली, सगळी कृती पुन्हा केली.

तिसऱ्या आठवड्यात डोस पास झाला. पडद्यावर शांतारामांच्या मेंदूचा मधला भाग हळूहळू उजळला.

"काय दिसलं?" स्कॅन संपल्यावर शांतारामांनी जुईला विचारलं.

"तुमच्या शरीराची दुखणं शमवायची जागा. पण औषध एकाला लागू पडतं आणि दुसऱ्याला का नाही, हे एका चित्रावरून सांगता येत नाही, काका. अजून बरीच माणसं लागतील."

त्यांची कंबर दुखायची थांबली नाही. महिन्याभराने मात्र ते कारखान्यातल्या दोन जुन्या सोबत्यांना घेऊन आले, आणि संमतीपत्रातली ओळ न् ओळ त्यांनीच दोघांना समजावून सांगितली.