गंधक जोडलं की वाढ थांबते

हैदराबादहून मला अंबडला बोलावून घेतलं ते दाखवायच्या कार्यक्रमासाठी. वाटूरचं घरंदाज स्थळ, मुलगा वकील. काकांना ते हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. मला प्रयोगशाळा सोडायची नव्हती. काकांनी दारातच बजावलं, "कोंबडीचं नाव काढायचं न्हाई. विचारलं तर साखरेवर काम करते म्हण."

तसं ते खोटंही नव्हतं. समुद्रातल्या शेवाळापासून साखरेची लांब साखळी काढायची, तिला गंधक जोडायचं आणि कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भाच्या पेशी काचेत वाढवून त्यांच्यावर ती टाकायची, एवढंच माझं काम. नुसत्या साखळीला पेशी भीक घालत नसत. गंधक जोडलं की मात्र त्यांची वाढ थांबे.

पोहे झाले. मुलाच्या आईनं विचारलं, "साखरेचं काय करून राह्यली गं तिकडं?"

मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "वाढीचं औषध शोधून राह्यली. पिकं, लेकरं, समदं बराबर वाढंल."

चुकीचं विधान ऐकून गप्प बसणं मला जन्मात जमलेलं नाही.

"वाढत न्हाई," मी म्हणाले. "माझ्या औषधानं वाढ खुंटते."

सून बघायला आलेल्या माणसांसमोर हे बोलायचं नसतं, हे मला बोलून झाल्यावर कळलं. वकीलसाहेब पोह्यातला शेंगदाणा शोधू लागले. काकांनी डोळे मिटून घेतले.

मुलाच्या आईनं सावकाश पदर बाजूला केला. कानाखाली, मानेवर सुपारीएवढी गाठ होती.

"मंग ही खुंटंल का?"

त्यांच्या आवाजात भीती होती. हो म्हणावंसं फार वाटलं.

"सांगता येत न्हाई. अजून काचेतल्या पेशींवरच पाहिलंय. तुम्ही डॉक्टरला दाखवा."

"दाखवली. साधीच हाय म्हणला. पण वाढंल म्हणून धास्ती वाटती." त्यांनी पदर सारखा केला आणि त्या काकांकडे वळल्या. "पोरगी पसंत हाय. पण लग्न झालं म्हणून हे काम मधीच सोडायचं न्हाई, आधीच सांगते."

काम सुटलं नाही. माझं औषध काचेबाहेर कधीच आलं नाही. गाठ मात्र शेवटपर्यंत सुपारीएवढीच राहिली. आल्यागेल्याला सासूबाई मान वळवून दाखवत आणि म्हणत, "सुनंनं थांबवली."

तेवढं एक चुकीचं विधान मी जन्मभर ऐकून घेतलं.