धुक्यात पुढे पळणारा रफीक

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर टिंगलच केली. त्यामुळे हे लिहिताना ओशाळल्यासारखं होतंय... पण लिहितोय.

मी शिवाजी पेठेत राहतो, वय सत्तेचाळीस. मंगळवार पेठेतला रफीक टेलर माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याला शुगर, मला पोट – म्हणून दोघं रोज सकाळी पळतो. रंकाळ्यावरून फुलेवाडी, तिथून शिंगणापूरच्या रस्त्यानं थोडं पुढे आणि परत.

फेब्रुवारी संपत आलेला. हवेचा काही भरवसा नव्हता – सकाळी स्वेटर, दुपारी पंखा. आदल्या संध्याकाळी अवकाळी पावसाची सर येऊन गेलेली. साडेसहाला फुलेवाडी मागे टाकली आणि समोर हे दाट धुकं! तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"तू हो पुढं, आलोच," मी म्हणालो.

"लौकर आटप मर्दा, थांबलं की गारठतंय," म्हणत रफीक धुक्यात दिसेनासा झाला.

घरचंच काहीतरी होतं, बोलण्यात दहा-बारा मिनिटं गेली. मग मी पळत सुटलो. जरा वेळानं पुढे त्याचं पिवळं जर्किन दिसलं. मी वेग वाढवला... अंतर तेवढंच. खरं तर रफीक माझ्यापेक्षा हळू पळतो. आणि रस्त्यावर आवाज फक्त माझ्याच बुटांचा येत होता.

"रफीक! अरे थांब की!"

त्यानं मागे न बघताच हात वर केला आणि डावीकडे उसातल्या गाडीवाटेला वळला. मीही वळलो.

पन्नासेक पावलांवर रफीक चिखलात आडवा पडला होता. डोळे अर्धवट उघडे, अंग घामानं भिजून थंडगार. आणि त्याच्या हातावर मुंग्या चढलेल्या... मी त्याला वळताना बघून मिनिटही झालं नव्हतं!

ओरडत रस्त्यावर आलो. एका दुधाच्या टेम्पोवाल्यानं आम्हाला दवाखान्यात पोचवलं. साखर एकदम उतरली होती. डॉक्टर म्हणाले, बराच वेळ पडून असणार.

दुपारी तो नीट बोलायला लागल्यावर मी चिडूनच विचारलं, "रस्ता सोडून उसात कशाला मरायला गेलतास?"

"तुज्याच मागनं की."

"माझ्या?"

"व्हय. फोन संपवून तू माज्या बाजूनं पुढं गेलास. दोन हाका मारल्या, थांबला न्हाईस. नुसता हात केलास नि आत वळलास."

साखर उतरली की भास होतात, असं डॉक्टर म्हणतात. रफीकचं मानलं... पण मला काय झालं होतं? आम्ही आजही पळतो, मात्र हातभर अंतरही पडू देत नाही. आणि एक प्रश्न दोघंही तोंडातून काढत नाही – रफीकला ज्यानं उसात नेलं आणि मला ज्यानं त्याच्यापर्यंत पोचवलं, ते एकच होतं का?