अळणी डबा

आमची धाकटी जाऊ बसवर कंडक्टर आहे. गच्च भरलेल्या गाडीत ती नुसती "पुढे सरका" म्हणाली, की भले भले धिप्पाड गडीसुद्धा मुकाट सरकतात. मी स्वतः पाहिलंय. आणि हीच बाई त्या सुट्ट्यांत आमच्याच घरात, खिडकीजवळच्या खुर्चीत, तोंडातून ब्र न काढता बसून होती.

सातवा महिना लागला होता आणि बीपी चढलं होतं. डॉक्टरबाईंनी माझ्यादेखत बजावलं, "मीठ अगदी कमी. थोडं चालायचं, डाव्या कुशीवर निजायचं, घरात शांतता हवी. आणि डोकं ठणकलं किंवा डोळ्यांपुढे चमकायला लागलं, तर घरी वाट बघायची नाही. सरळ इथं यायचं. उशीर झाला तर दोघांच्याही जिवावर बेतेल." मी मान डोलावली. तिला घेऊन घरी येते, तर दारात चपलांचा हा ढीग!

वर्षअखेरीच्या सुट्ट्या लागल्या, की सगळा गोतावळा आमच्याकडे उतरतो. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! आत्याबाई आल्या, नणंद पोरांसकट आली, आणि आत्याबाईंचे यजमान आले. जन्मभर किराणा दुकान चालवलं, पण ऐट अशी की सगळे त्यांना फौजदारच म्हणतात. धाकटीच्या पलंगावर बॅगा रचल्या गेल्या. तिचा नवरा, म्हणजे माझा धाकटा दीर, बस डेपोत मेकॅनिक. सुट्ट्यांच्या जादा गाड्या, त्यामुळे तो घरी फक्त झोपायला यायचा. शांतता म्हणाल तर ती चपलांबरोबर दाराबाहेरच राहिली.

ती उठली, की चार आवाज एकदम यायचे. "अगं, उठतेस कशाला? बस, बस!" अंगणात फेरी मारते म्हणाली, तर फौजदार दारात आडवे. आडवी होते म्हणाली, तर "पाहुणे काय तुझं डोकं खातात का? बस इथंच, आम्हाला डोळे भरून बघू दे." पाय असे सुजले, की तिच्या चपला पायात जाईनात. मी कितीदा सांगितलं की डॉक्टर काय म्हणाल्या ते ऐका, पण पालथ्या घड्यावर पाणी. मला तिचाही राग यायचा. मेली एक शब्द बोलत नव्हती!

का बोलत नव्हती, तेही मला ठाऊक होतं. मागच्या वर्षी तिसऱ्या महिन्यात तिचं एक गेलं होतं. ड्यूटीवर असतानाच पोटात दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाल्या, यात कुणाचीच चूक नाही. पण घरानं निकाल लावून टाकला, की बसमध्ये उभी राहिली म्हणून गेलं. आणि तिनंही तो मानला. तेव्हापासून कुणी बस म्हटलं की बसायची, खा म्हटलं की खायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

एवढं एक मी हातात ठेवलं होतं. तिची भाजी, तिची डाळ मी वेगळ्या पातेल्यात, बिनमिठाची करायचे. तरी बीपी उतरेना.

त्या दुपारी ती हळूच म्हणाली, "ताई, डोकं फार ठणकतंय."

मी "चल, दवाखान्यात जाऊ" म्हणेपर्यंत आत्याबाईंनी फर्मान सोडलं, "पित्त आहे ते. आधी ताट आणा. पोटात चार घास गेले की बरं वाटेल." ताट आलंसुद्धा. धाकटीनं दोन घास घेतले आणि बाजूला सारलं. ते उचलताना माझं बोट भाजीत बुडालं. मी ते चाटलं. अगं आई गं! तोंड वाकडं झालं माझं. आख्ख्या घराच्या जेवणात नसेल एवढं मीठ त्या एका वाटीत होतं.

मी तरातरा स्वयंपाकघरात गेले. माझ्या आवाजानं सगळे मागोमाग आले. "यात मीठ कुणी घातलं?"

"मी घातलं गं, चिमूटभर," आत्याबाई म्हणाल्या. "दिवस गेलेल्या पोरीनं असलं अळणी खायचं? बघवेना मला."

"तुम्ही पण?" नणंद किंचाळली. "मी तर पहिल्या दिवसापासून घालतेय!"

फौजदारांनी खिशातून कागदाची पुडी काढून ओट्यावर ठेवली. शेवटी सासूबाई खाली बघत म्हणाल्या, "मला वाटलं, मी एकटीच." प्रत्येकानं धाकटीच्या कानात सांगितलं होतं, कुणाला बोलू नकोस हं. मग जे भांडण जुंपलं, की कुणाची चिमूट मोठी! मी कपाळाला हात लावून बाहेर आले, तर खुर्ची रिकामी. दार सताड उघडं. फौजदारांच्या मोठ्या सपाता जाग्यावर नव्हत्या.

आम्ही रस्ते धुंडाळत असतानाच दवाखान्यातून फोन आला. ती कोपऱ्यावरच्या स्टॉपवर उभी राहिली, आणि आली ती तिच्याच मार्गावरची बस. ड्रायव्हरनं तिचं तोंड पाहिलं आणि गाडी थेट दवाखान्याच्या फाटकाशी नेली. आम्ही धावत पोचलो, तर बीपी भलतंच चढलेलं. आणखी थोडा उशीर झाला असता तर, असं म्हणून डॉक्टरबाई थांबल्या. बाळाचे ठोके लागत होते. आता बाळंत होईपर्यंत तिला इथंच राहायचं होतं.

"मिठाचं मला एका शब्दानं सांगायचंस तरी!" मी रडतच तिच्यावर ओरडले.

"मागच्या वेळी मी माझंच खरं केलं होतं ना, ताई. मग आता 'नको' कुठल्या तोंडानं म्हणू?" ती छताकडे बघत होती. "पण डोळ्यांपुढे चमकायला लागलं, आणि पोटात हा एकदम गप्प झाला. तुम्ही सगळे भांडत होतात. दाराशी कुणीच नव्हतं. म्हणून निघाले."

दुसऱ्या दिवशी सासूबाई डबा घेऊन आल्या, एकट्या. दोन गाड्या बदलून. "कुणाला हात लावू दिला नाही," त्या मला म्हणाल्या. "सगळ्या वाटेनं मांडीवर धरून आणलाय. आधी तू चाख." मी चाखलं. मिठाचा कण नव्हता.

सासूबाईंनी चमच्यानं भरवायला घेतलं. धाकटीनं थोडं खाल्लं. मग तिनं हात मधे घातला.

"नको आता, आई. पुरे."

"एवढा एकच..." सासूबाईंच्या तोंडून निघालं, आणि त्या थांबल्या. चमचा परत डब्यात ठेवला. झाकण लावलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "नीज आता."

धाकटी डाव्या कुशीवर वळली.