नॉर्वेचा बर्फ आणि खिशातले कांदे

आमचे बाबा एकदा नॉर्वेत मरता मरता वाचले, आणि त्यांना तिथे नेणारा मी होतो.

गोष्ट सत्तरच्या दशकातली, मे महिन्यातली. आम्ही नंदनवन नावाच्या वस्तीत राहायचो (नावावर जाऊ नका, दुपारी गच्चीवर पापड वाळत नसत, भाजून निघत!). बाबांचे हृदय थकले होते. "उन्हात न्यायचं नाही," असे डॉक्टरांनी बजावले होते. पण घरात तरी काय होते? कूलर होता, वीज नसायची. बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले असत आणि म्हणत, "एकदा बर्फ पाहून मरतो, बाप्पा."

मी तेव्हा एका फिल्म सोसायटीचा सभासद होतो. म्हणजे न कळलेल्या सिनेमांबद्दल कळल्यासारखे बोलायचो. नेमका त्या रविवारी नॉर्वेचा जुन्या काळातला साहसपट होता. नुसते बर्फाचे डोंगर, आणि हॉलमध्ये भलेमोठे कूलर!

"काहून नेऊन राहिला त्याईले?" आई कळवळली. "जीव जाईन नं त्याईचा!"

"आई, सिनेमाचा आस्वाद कसा घ्यायचा, तुले नाही समजत!"

लू, म्हणजे उन्हाची झळ, लागू नये म्हणून आईने बाबांच्या खिशांत कांदे कोंबले आणि स्वतःही सोबत आली.

गोष्ट काय आहे, ते दिवे मालवल्यावर कळले. बर्फात मेलेल्या बापाला घसरगाडीवर बांधून मुलगा डोंगरापलीकडच्या गावी पुरायला नेतो. आजारी माणसाला दाखवायला याहून योग्य सिनेमा शोधूनही सापडला नसता!

"पाह्य, कसा ओढून राहिला बापाले!" बाबा मोठ्याने म्हणाले. "तू मले रिक्षात बसवतानी केवढा कुरकुरला!"

"बाबा, गोष्ट सोडा. डोंगरावरचा उजेड पाहा."

"शूऽऽ!" मागून आवाज आला.

मी पांढऱ्या रंगाच्या छटांवर कुजबुजत राहिलो. थोड्या वेळाने बाबांची मान माझ्या खांद्यावर आली. रंगले म्हातारबुवा, असे वाटून मला आणखीच चेव चढला. तेवढ्यात आईचा हात त्यांच्या कपाळाला लागला.

"अवो! ऐकता काय? अरे, बोलून नाही राहिले हे!"

अंग भट्टीसारखे तापलेले, डोळे पांढरे. मी "पाणी! पाणी!" म्हणून ओरडलो, तर मागून पुन्हा "शूऽऽ!" नॉर्वेत दफनविधी चालला होता. मेलेल्या माणसाच्या अंत्यविधीत जिवंत माणसाची कटकट रसिकांना खपत नव्हती.

आई मात्र रसिक नव्हती. तिने खिशांतले कांदे काढले, चपलेने फरशीवर फोडले, एक बाबांच्या नाकाशी धरला आणि बाकीचे तळपायांना खसाखसा चोळायला घेतले. कूलरने तो दर्प हॉलभर पोचवला. एकेक रांग डोळे पुसू लागली. सोसायटीचे चिटणीस, ज्यांना कुठलाच सिनेमा पसंत पडत नसे, ते रुमालात तोंड खुपसून हुंदके देत होते. (पुढच्या बैठकीत ते म्हणाले, "प्रेक्षक इतके हेलावलेले मी कधी पाहिले नाहीत.")

अखेर बाबांनी डोळे उघडले. समोर पांढरेशुभ्र डोंगर, अंगावर गार वारा आणि चहूकडे रडारड. त्यांच्या चेहऱ्यावर एवढे समाधान मी जन्मात पाहिले नव्हते.

"पोचलो वाटते," ते पुटपुटले. "मस्त थंडा आहे गा इथं."

माझ्या जिवात जीव आला. मी त्यांच्यावर वाकलो. "बाबा! मी आहो, मी!"

त्यांचा चेहरा पडला.

"हा इथं काहून आहे? मंग हा स्वर्ग नाही."

त्यानंतर कितीतरी दिवस आई माझ्याशी बोलली नाही. बाबा त्याच हिवाळ्यात गेले, घरी, आपल्या खाटेवर. शेवटी त्यांनी डोळे उघडले आणि ते इकडेतिकडे पाहू लागले. मला रडू आवरत नव्हते, त्यांचा हात धरावासा वाटत होता. पण मी हळूच खाटेच्या मागे सरकलो. म्हटले, निदान या वेळी तरी त्यांच्या मनात शंका यायला नको!