मुद्दाम दिलेला अर्धा अँपियर

बाजारात तिला सगळे मीटरताई म्हणतात. गळ्यात चष्म्यासारखा, वीज मोजायचा मल्टिमीटर लटकलेला असतो, आणि समोरच्यावर विश्वास नसला की त्याचं बोलणं ती त्या मीटरकडे बघत ऐकते.

जिन्याखालची तिची जागा इतकी अरुंद की गिऱ्हाईक वाकलं की त्याची सावली कामावर पडते. मागे चोवीस खणांचं कपाट, सगळे खण अडॅप्टरांनी भरलेले. खणावर व्होल्ट लिहिलेले, आत अँपियरप्रमाणे रांगा. नवीन माणसाला ती एकच धडा देते: "पिन बसली म्हणजे अडॅप्टर चालला असं नसतं. व्होल्ट तेवढेच हवेत. अँपियर जास्त चालतील, कमी नाही."

हा धडा तिला फार महागात पडला होता. सात वर्षांपूर्वी ती कोपऱ्यावरच्या दुकानात कामाला होती. शाळेच्या मोठ्या बाई राउटरसाठी अडॅप्टर न्यायला आल्या, तेव्हा ती पडद्याआड सोल्डरिंग करत होती. मालकाने हाताला लागला तो बारा व्होल्टचा उचलून दिला. राउटर पाच व्होल्टचा. बाईंनी घरी बटण दाबलं आणि त्यातून धूर निघाला. त्याच संध्याकाळी बाईंची परदेशातली मुलगी पहिल्यांदा नातू दाखवणार होती.

बाई दुकानात आल्या त्या जळका राउटर घेऊनच. मालकाने पडद्याकडे बोट केलं. "ही नवीन आहे हो. आजच काढून टाकतो."

आणि टाकलं. पुढची दोन वर्षं तिला कुणी उभं केलं नाही. "तीच ना, धूरवाली?" एवढ्यावर दारातूनच परत. तिने ते गिळलं. पचवलं मात्र नाही.

या वर्षी मालक तिच्या टेबलापुढे येऊन उभा राहिला.

"ओळखलंस का?"

"बसा मालक. म्हणजे, उभेच राहा. खुर्ची नाहीये."

"घर रंगवलं गं. रंगाऱ्याने राउटरचा अडॅप्टर कुठे घातला कोण जाणे. माझ्या दुकानात आता नुसती मोबाइलची कव्हरं. जावई घरून काम करतो, सकाळपासून डोकं खातोय."

"राउटरखालचं लेबल वाचा."

"चष्मा नाही आणलेला. तूच बघ. पिन बसली की झालं."

लेबलवर होतं: बारा व्होल्ट, दीड अँपियर. तिने बारा व्होल्टचा खण उघडला. दीडचे पुढेच होते. हात त्यांच्यावरून सरकत पार मागे गेला आणि अर्ध्या अँपियरचा घेऊन आला.

"घ्या. व्होल्ट अगदी बरोबर आहेत." एक अक्षर खोटं बोलली नाही.

अर्ध्या अँपियरवर असला राउटर जळत नाही. दिवे लागतात, सगळं छान दिसतं. घरातली दोन-तीन माणसं एकदम वापरायला लागली की त्याला धाप लागते, बंद पडतो, परत चालू होतो. आणि ते नेमकं जावयाची मीटिंग रंगात आली की.

दोन दिवसांनी मालक परत.

"मधेच बंद पडतो गं."

"उंचावर ठेवून बघा."

सोमवारी पुन्हा. "कपाटावर चढवला. तरी तेच."

"कंपनीला फोन करा. लाइन तपासतील."

लाइन तपासणारा येऊन गेला. लाइन ठणठणीत. जावई आता सासऱ्याशी फक्त बायकोमार्फत बोलत होता. मालक हे सांगत असताना मीटरताई मीटरकडे बघत बसली, हसू लपवायला.

"दुसरा काढून ठेवते," ती म्हणाली. "गुरुवारी बरोब्बर पाचला या. राउटर, अडॅप्टर आणि चष्मा घेऊन."

मग तिने मोठ्या बाईंना फोन लावला. बाई तिच्याकडे यायच्या त्या नाइलाजाने, जुनं दुरुस्त करणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं म्हणून. वस्तू द्यायच्या तीही दोन बोटांनी. "बाई, टेबलाचा दिवा झालाय. गुरुवारी पाचला न्याल?"

गुरुवारी जिन्याखाली बाई, मालक आणि त्यांच्या मागे आणखी दोन गिऱ्हाइकं.

"राउटरवरचं वाचा, मालक."

"बारा व्होल्ट. दीड अँपियर."

"आता अडॅप्टरवरचं."

"बारा व्होल्ट. शून्य पूर्णांक..." त्याने चष्मा नीट केला. "पाच. अगं, हा कमी आहे."

"हो."

"तुला माहीत होतं?"

"दीडचे पुढेच होते. मी मागचा काढला. मुद्दाम."

मागचं एक गिऱ्हाईक उगाच खोकलं. मालकाचा चेहरा लाल झाला. "बाजारात नाव घालवीन तुझं."

"घालवा. ते जमतं तुम्हाला. पण मी दिला, तर मी दिला म्हणाले, चारचौघांत. आता तुमची पाळी. बाईंना बारा व्होल्टचा कुणी दिला होता?"

दीड अँपियरचा अडॅप्टर तिच्या मुठीत होता. मालकाच्या खिशात फोन वाजला. त्याने लेकीचं नाव पाहिलं आणि न उचलता खिशात टाकला.

"मी," तो पुटपुटला.

"मोठ्याने. बाईंना डाव्या कानाने कमी ऐकू येतं, आणि तुम्ही डावीकडे उभे आहात."

"मी दिला होता. ही आत होती. हिने बघितलाही नव्हता."

बाईंनी हातातली पिशवी टेबलावर ठेवली. "सात वर्षं मी लेकीला सांगतेय, दुकानातली पोरगी निष्काळजी होती म्हणून," त्या मालकाला म्हणाल्या. "शेजारणीला सांगितलं. शाळेत सांगितलं."

"चुकलं, बाई."

मीटरताईने मूठ उघडली. मालकाने अडॅप्टर उचलला. "झालं समाधान?"

"नाही. पण राउटर आता बंद पडणार नाही."

तो मान खाली घालून गेला. बाईंनी दिव्याचा अडॅप्टर उचलला, उलटा केला, डोळ्यांजवळ नेला. दिवाही उलटा करून पाहिला.

"पाच व्होल्ट. इकडेही पाच." त्यांनी वर बघितलं. "वाईट वाटून घेऊ नकोस हं."

"नाही बाई," मीटरताई म्हणाली. "अँपियरही बघून घ्या."