थ्री शेअरिंगचे सभासद

पालकसभा सुरू झाली, की मागच्या रांगेतून एक हात वर यायचा. मग त्या हाताचे मालक उठायचे, टोपी सारखी करायचे आणि खणखणीत आवाजात म्हणायचे, "सभासदांचा एक प्रश्न हाय." बाकीचे पालक हसायचे, मुली तोंडाला ओढणी लावायच्या आणि मी मनात म्हणायचे, झालं, आता चहा गार होणार!

मी सांगलीतल्या मुलींच्या एका हॉस्टेलची रेक्टर. मुलींच्या भाषेत खडूस. हे गृहस्थ कडेगावकडचे, ऊस करणारे. त्यांची मुलगी तीन वर्षं आमच्याकडे होती. सगळं हॉस्टेल त्यांना 'सभासद' म्हणायचं, अगदी तोंडावरसुद्धा. त्यांना ते फार आवडायचं.

याची सुरुवात झाली, ते मुलीला घेऊन खोली बघायला आले त्या दिवशी. आधी दोन हॉस्टेलं पालथी घालून आले होते. एका ठिकाणची आमटी त्यांना पटली नव्हती, दुसरीकडे खिडकी उघडली की समोर भिंत. मी नेहमीच्या सुरात विचारलं, "टू शेअरिंग हवं की थ्री शेअरिंग?"

त्यांनी कान टवकारले. "हितं शेअर हाय व्हय? आमच्या साखर कारखान्यागत?"

"तसला नाही हो, दादा."

"मग सभेत बोलता येतंय का? कारखान्यागत दिवाळीला सभासदांना साखर?"

मला हसू आवरेना. कसंबसं समजावलं, की खोलीत तिघी राहणार म्हणून थ्री शेअरिंग. एक कॉट, एक कपाट तुमच्या मुलीच्या नावावर, बाकी खोली तिघींची.

"नावावर हाय न्हवं? मग शेअरच की!"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. फोन मुलीच्या मामाचा, तो सांगलीतच राहायला. यांचा फोन कायम स्पीकरवर, त्यामुळे सगळं मलाही ऐकू आलं. "दाजी, घर असताना हॉस्टेल कशाला? परवा व्हय म्हनालासा की. पोरगी राहील आमच्यात. आमच्या मंडळीलाबी घरकामात तेवढीच मदत."

मुलीचा चेहरा खर्रकन उतरला. आल्यापासून ती एक अक्षर बोलली नव्हती. नातेवाइकांकडे राहून शिकणाऱ्या मुली मी पाहिल्यात. शेवटचं भांडं घासून झाल्यावर त्यांचं पुस्तक उघडतं, आणि लगेच डोळे मिटतात. माझा जीव तुटला, पण लोकांच्या घरात नाक कसं खुपसायचं?

फोन ठेवून त्यांनी मुलीला विचारलं, "तुझं काय म्हननं हाय?"

"तुमी म्हनाल तसं, अण्णा."

"ह्यॅ! सभासदानं असं म्हनायचं नस्तंय." आणि या माणसाने माझ्या ऑफिसात चक्क सभा भरवली. "बाई, तुमी अध्यक्ष. मामाकडं ऱ्हायचं म्हनणाऱ्यांनी हात वर करा." स्वतःच हात वर केला. मेव्हण्याला शब्द दिला होता ना! "आता हितं ऱ्हायचं म्हनणाऱ्यांनी."

मुलीने हात उचलला. जेमतेम खांद्यापर्यंत.

एकास एक झालं. अध्यक्षीय मत द्यायला मी तोंड उघडलं, तर म्हणाले, "थांबा बाई. शेअर कुनाच्या नावावर हाय?"

"मुलीच्या."

"मग माझं मत बाद! ठराव मंजूर!" अशी थाप मारली टेबलावर, की माझा चहा सांडला. मी रागवायचं सोडून टाळ्या वाजवल्या. त्यांनी लगेच मामाला फोन लावून कळवलं, "पोरगी हॉस्टेलातच ऱ्हाईल. ठराव झालाय, आता माझ्या हातात काय न्हाई."

पुढे तीन वर्षं त्यांनी मला सभेत भंडावून सोडलं. गिझरचं पाणी मधेच गार का होतं, मेसची भाकरी कोपऱ्यात कच्ची का, आणि दर खेपेला ठरलेलं, "सभासदांना साखर कवा?" शेवटच्या दिवाळीला मी खरोखरच प्रत्येक मुलीच्या हातात साखरेची पिशवी ठेवली. हे आनंदाने सगळ्यांना पेढे वाटत सुटले!

गेल्या वर्षी मुलगी शिकून नोकरीला लागली, पुण्याला गेली. आता पालकसभा अगदी वेळेत संपते. मला ती मुळीच आवडत नाही.

त्यांची आठवण आली, की मला दिसतो तो मुलीला सोडायला आले तो दिवस. गादी, ट्रंक, शेंगांची पिशवी वर खोलीत ठेवून निरोप घ्यायला खाली आले. आवाज एकदम बारीक झाला होता. "बाई, पोरगी लय गरीब हाय. तोंड उघडत न्हाई. तेवढं बगा."

एवढ्यात वरून कल्ला ऐकू आला. तिघींची जुंपली होती, आणि सगळ्यांत वरचढ आवाज होता तो हिचाच. "खिडकीकडची कॉट माझी हाय! मी आधी आलीया!"

मी ताडकन उठले. त्यांनी दोन्ही हात पसरून माझी वाट अडवली.

"बसा बाई, बसा. भांडू द्या की तिला!"

डोळ्यांत पाणी, तोंडभर हसू. जिन्याखाली उभे राहून ते ऐकत राहिले. कडेगावची गाडी गेली, तरी हलले नाहीत.