पितळी खोलीच्या भिंतीतलं भोक

आमटीसाठी भिजवलेल्या चिंचेत ह्यांनी सिग्नल केबिन बुडवली होती.

सकाळची गडबड. नळाला पाणी आलेलं, एका शेगडीवर दूध, दुसरीवर डब्याच्या पोळ्या. कोळ काढायला वाटीत हात घातला आणि बोटांना छप्पर लागलं.

"अहो, हे काय?"

"जरा वेळ राहू दे गं. पितळ उजळतं."

"आणि आमटी?"

"आज लिंबू पिळ."

हे म्हणजे माझे यजमान, प्रकाश. गलोंड्याला एका कंपनीत मेंटेनन्सला होते. आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

आमच्या सिल्वासात रेल्वे नाही. गाडी पकडायची तर वापीला जायचं.
आमच्या घरात मात्र रेल्वे आहे. मागच्या खोलीत, प्लायवूडच्या टेबलावर मावेल एवढी.

रूळ आणि इंजिनं त्यांनी नवी घेतली. पण इमारती जुन्या पितळेच्याच हव्यात. कुठल्याशा देशात कोणीतरी हाताने केलेल्या, फिरत फिरत आपल्याकडच्या भंगारात आलेल्या. स्टेशन, पूल, पाण्याची टाकी, इंजिन शेड.
रविवार आला की हे वापीच्या भंगारवाल्यांकडे.

ही केबिन तिथलीच. दुकानदार म्हणाला, "मंदिर छे, सेठ. चोक्खुं पित्तळ."

खोटं नव्हतं त्याचं. आत हळद-कुंकू होतं, कापराची काजळी होती. कोणाच्या तरी घरी तिच्यात देव बसत होता.

मापासाठी ह्यांच्या शर्टाच्या खिशात कायम प्लास्टिकचा एक माणूस असायचा, बोटाच्या पेराएवढा. तो काढून त्यांनी दारात उभा केला. डोकं चौकटीखाली बरोबर बसलं.

"देवघराच्या भिंतीला इतक्या बारीक विटा कोण पाडतो? रेल्वेचीच आहे ही. सिग्नल केबिन."

मी आधी हात जोडले, मग कुंकू पुसलं.

"घाबरू नकोस," हे म्हणाले, "देव भाडेकरू होता. मूळ मालक रेल्वे."

एका भिंतीत, छपराच्या खाली, एक गोल भोक होतं. देवापुढच्या झिरो बल्बची वायर घालायला कोणीतरी पाडलं असेल, असं ह्यांचं मत.

मी म्हटलं, "अहो, भोक किती नीट आहे बघा. कडेने पट्टीपण आहे. घरात ड्रिल मारून असं होईल का?"

"तू आता इन्स्पेक्टर हो."

त्यांनी सोल्डर भरून ते बुजवलं. शेजारचे जुने जोड तापून सुटू नयेत म्हणून मी ओल्या कापसाचे बोळे धरून उभी. तेच माझं काम असायचं. मग बारीक कानसीने घासून भिंत अशी सपाट केली की बोट फिरवलं तरच कळावं.

हे त्यांचं शेवटचं काम.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी कंपनीतून आले, छातीत जड वाटतंय म्हणाले. दवाखान्यात पोचलो तेव्हा उशीर झाला होता.

वर्षभर मी रोज मागची खोली झाडते. केबिनवरची धूळ पुसते. बुजवलेल्या भोकावरून बोट फिरवायची.

मी आठवीपर्यंत शिकले. पुढचं सगळं रद्दीवाल्याच्या गाठोड्यातून वाचत आले. इंग्रजी असेल तर डिक्शनरी मांडीवर.
मागच्या महिन्यात वाफेच्या इंजिनांच्या शेडवरचं एक पुस्तक मिळालं. एका पानावर आमचीच केबिन.

केबिन नव्हती ती.

वाळू सुकवायची खोली होती. रूळ ओले झाले की इंजिनाची चाकं घसरतात, मग चाकाखाली कोरडी वाळू सोडतात. ती या खोलीत भट्टीवर सुकवायची. म्हणून छपरावर धुराडं. म्हणून भट्टीमागच्या भिंतीला खिडकी नाही. आणि छपराखालच्या भोकातून एक नळी निघायची, तिच्यातून वाळू इंजिनात पडायची.

आमच्या पितळी खोलीची नळी कुठेतरी हरवली होती. भोक मूळचंच होतं.

"अहो" असं मी मोठ्याने म्हटलं.

वापीचे नितीनभाई ह्यांचे याच छंदातले दोस्त. त्यांना बोलावून पान दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, खोली डोळ्यांजवळ धरली.

"भाभी, बरोबर छे. प्रकाशभाई चुकले." मग हळूच म्हणाले, "पण हे सोल्डर त्यांच्या हातचं. खोलायचं की ठेवायचं, तमे ठरवा."

पुण्याला मुलीला फोन केला.

"आई, राहू दे ना तसंच. बाबांचं शेवटचं काम आहे. कोणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना."

"मग तू बोट कुठे फिरवणार?"

फोन ठेवून मी मागच्या खोलीत गेले, फडक्याने पूल पुसायला घेतला.

आमच्याकडचा पितळी पूल आला तेव्हा कोणीतरी तो हिरवा रंगवलेला होता. सुरेख रंगवला होता, एक ओघळ नाही. तो सगळा रंग ह्यांनी उतरवला. मला वाईट वाटलं, तसं मी बोलूनही दाखवलं.
तेव्हा हे म्हणाले होते, "रंगवणाऱ्याने जीव ओतलाय गं. पण पूल असा नव्हता."

मनातल्या मनात ह्यांना म्हटलं, अहो, तुम्हाला नमस्कार. तुमच्यामागे सगळं ठीक चाललंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी भांडी आवरून मी सोल्डरिंग आयर्न तापवलं. जोडांवर ओला कापूस दोऱ्याने बांधला, कारण धरायला दुसरं कोणी नव्हतं. सोल्डर वितळलं तसं टूथपिकने ढकललं आणि भोक मोकळं केलं. मग ती खोली सिग्नलजवळून उचलून इंजिन शेडच्या शेजारी ठेवली.